अभ्यंग : केवळ दिवाळीपुरता नव्हे

अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळून जिरवणे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त तो रोज करावा, त्यातही डोके, कान व तळपाय यांना विशेष करून, असे सांगितले आहे. आपण तो नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरता ठेवला, ही आपली काटकसर! अजीर्ण झालेल्याने व कफविकार असलेल्याने तेल लावू नये, हेही तेथेच आहे; ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या बडोद्यात मालिशीला आखाड्याचीही परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही ओळखले जात.

घरी करायचे तर तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे. हातापायांवर लांब हात फिरवावा, सांध्यांवर गोल, पोटावर अगदी हलका. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर तेल किती तापले आहे ते दुसऱ्याने पाहावे. ज्येष्ठांनी तळपाय कोरडे पुसल्याशिवाय न्हाणीघरात जाऊ नये.

मालिशीने स्नायू सैल पडतात, झोपही बरी लागते. गुडघ्याची झीज मात्र भरून येत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नये. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.