कृतार्थ कोण? : बोर्डी-कोसबाडच्या दोन शिक्षिका

स्त्रियांच्या सार्वजनिक कार्याविषयी मराठीत लिहायला बसले की काही शब्द आधीच लेखणीच्या टोकाशी येऊन बसलेले असतात. सेवा, त्याग, व्रत, वात्सल्य, समर्पण. गौरवग्रंथ, चरित्रे, पाठ्यपुस्तकांतील धडे यांनी हे शब्द इतके घोटून ठेवले आहेत, की ताराबाई मोडक किंवा अनुताई वाघ यांचे नाव निघताच वाक्य आपोआप पूर्ण होते. या शब्दांत असत्य काही नाही. त्यांच्या आड बरेच काही झाकले जाते, एवढाच आक्षेप आहे. ज्या कामात या स्त्रियांचे आयुष्य गेले, ते काम नेमके काय होते, त्यात बुद्धी किती खर्ची पडली, आणि त्यातून त्यांना जे समाधान लाभले ते कोणत्या जातीचे होते, हे प्रश्न 'त्याग' म्हटले की मिटतात.

'कृतार्थ' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, सिद्धीस गेला तो कृतार्थ. तेव्हा कृतार्थ व्हायचे तर मुळात स्वतःचा असा हेतू असावा लागतो. दुसऱ्याने नेमून दिलेले कर्तव्य पार पाडणारी व्यक्ती आज्ञाधारक ठरेल, कृतार्थ ठरेलच असे नाही. प्रस्तुत लेखात हा फरक धरून दोन शिक्षिकांच्या कार्याकडे पाहायचे आहे.

थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची जी चळवळ उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी विधवा होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. रमाबाई रानड्यांनी वाढवलेले पुण्याचे सेवासदन १९०९ चे. या संस्थांनी हजारो स्त्रियांना जगण्याचा मार्ग दिला, हे निर्विवाद. परंतु समाजाने या मार्गाला जी संमती दिली, तिच्यात एक अलिखित करार होता. घरात 'निरुपयोगी' ठरलेल्या विधवेने शिकावे ते समाजाला उपयोगी पडण्यासाठी. शिक्षिका किंवा परिचारिका होऊन तिने इतरांची मुले सांभाळावीत, इतरांचे आजारी शुश्रूषावेत. तिचे काम मातृत्वासारखे दिसत होते म्हणून ते खपले.

आपल्या साहित्यात या कराराच्या खुणा स्पष्ट आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूला असा कोणताच मार्ग सापडत नाही आणि तिची कहाणी शोकात संपते. पुढे वामन मल्हार जोश्यांच्या 'सुशीलेचा देव' (१९३०) या कादंबरीत नायिकेची देवविषयक कल्पना टप्प्याटप्प्याने बदलत ध्येयनिष्ठ जीवनापाशी येते. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' (१९२८) वाचावी. हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत ही बाई इंग्रजीचा फारसा आधार नसताना अमेरिकेपर्यंत जाऊन आली. आणि लगेच १९३३ मध्ये, कर्व्यांच्याच संस्थेत शिकलेल्या मालतीबाईंनी 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध करून शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडमारा चव्हाट्यावर मांडला. सेवेने पोट भरते, मान मिळतो; पण मनाचे काय, हा प्रश्न त्या पुस्तकाने विचारला, आणि त्यावरून जो गहजब झाला त्यावरून तो किती अवघड जागी लागला होता हे कळते. ताराबाई आणि अनुताईंचे आयुष्य या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

ताराबाई (१८९२–१९७३) रूढ चौकटीत बसतच नाहीत. त्या प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात वाढल्या, १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, प्रेमविवाह करून अमरावतीस गेल्या, आणि काही वर्षांतच तो विवाह मोडल्यावर लहान मुलीला घेऊन एकट्या बाहेर पडल्या. विधवेला जी सहानुभूती मिळे, ती पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीच्या वाट्याला येण्याचा संभव नव्हता. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नोकरी केली ती आधी उपजीविकेसाठी. तेथून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. पगाराची, प्रतिष्ठेची जागा सोडून नव्या प्रयोगात उडी घेतली म्हणून याला 'त्याग' म्हणण्याचा मोह होतो. पण एका हुशार स्त्रीला तिच्या बुद्धीला आव्हान देणारे काम दिसले आणि तिने ते निवडले, असे साधे विधान केले तर ते सत्याच्या अधिक जवळ जाईल.

भावनगरची नऊ वर्षे ही ताराबाईंची विद्यापीठोत्तर विद्यार्थिदशा म्हणता येईल. माँटेसरीची पद्धती तेथे वाचली जात होती, तपासली जात होती, गुजराती घरांतील मुलांसमोर पारखली जात होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होती. तिच्या मराठी आवृत्तीची जबाबदारी पुढे ताराबाईंनी घेतली. मारणे-धमकावणे म्हणजेच शिकवणे अशी समजूत असलेल्या काळात, अडीच-तीन वर्षांच्या मुलाला स्वतंत्र व्यक्ती मानणारी परिभाषा मराठीत त्यांना घडवावी लागली. मुंबईत परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले आणि मध्यमवर्गीय मराठी पालकांपर्यंत हा विचार पोचला.

येथे थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते. पण दादरच्या यशातच एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली होती. माँटेसरीची साधने महाग. ती ज्या मुलांपर्यंत पोचत, त्यांच्या घरी पुस्तकेही होती आणि दूधही होते. बालशिक्षण ही सुखवस्तू घरांची चैन ठरणार काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले.

तेथे त्यांना मिळालेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ (१९१०–१९९२). अनुताईंचे जीवन मात्र जुन्या कराराच्या आतले होते. मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. मग व्हर्नाक्युलर फायनल, पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, चांदवड तालुक्यातील खेड्यांत शिक्षिकेची नोकरी, नंतर पुण्याची हुजूरपागा, आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक. कस्तुरबा निधीच्या वतीने बोरिवलीस भरलेल्या शिबिरात ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली. पुण्यातील नोकरी स्थिर होती. बोर्डीत काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक नव्हते. अनुताई गेल्या, आणि परतल्या नाहीत.

बोर्डीत बालवाडी उघडली, तेव्हा ज्या मुलांसाठी ती काढली होती तीच येईनात. दलित वस्तीतील मुलांना सवर्ण वस्तीतील शाळेत येण्याचा धीर नव्हता, आणि त्यांनी यावे अशी गावाचीही इच्छा नव्हती. आईबाप पहाटेच कामावर जात; सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळी. तिला शाळेत आणायचे तर कडेवरच्या पोराचे काय करायचे? दान देणारा माणूस येथे लोकांच्या अडाणीपणाला दोष देऊन मोकळा झाला असता. या दोघींनी दोष आपल्या शाळेच्या रचनेत शोधला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे गेली पाहिजे. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, झाडाच्या सावलीत त्या जाऊन बसू लागल्या. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, खरूज-फोडांना औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. या अंगणातल्या बालवाडीला ताराबाईंनी नाव दिले 'अंगणवाडी'.

शब्द किती साधा, आणि त्यामागचा विचार किती मूलगामी. 'शाळा' म्हटले की भिंती आल्या, उंबरा आला, आत कोण आणि बाहेर कोण हा भेद आला. अंगणाला उंबरा नसतो. कामावर निघालेली आई ते पाहू शकते, म्हातारी आजी शेजारी बसून दोन गोष्टी सांगू शकते. साधनांचेही तसेच. शिंपल्या, चिंचोके, पाने, बिया, गोटे, बांबूच्या कांबी, माती यांतून मोजणे, जुळवणे, लहानमोठे ओळखणे शिकवता येते, हे ध्यानात आल्यावर विकत घ्यायच्या साधनांची गरज उरली नाही. माँटेसरीचे तत्त्व तेच राहिले. त्याची सामग्री समुद्रकाठची आणि रानातली झाली. याला स्वस्तातली नक्कल म्हणता येणार नाही. तत्त्व पूर्ण पचल्याखेरीज असा बदल करता येत नाही.

१९५७ मध्ये संस्था डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेली, आणि प्रयोग आणखी पुढे गेला. गुरे राखणारी मुले शाळेत येणार नाहीत, म्हणून गुरे चरतात तेथेच भरणारी कुरणशाळा निघाली. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी, मोठ्या बहिणीसाठी प्राथमिक वर्ग, अशी तिन्हींची एकाच आवारात सांगड घालणारी 'विकासवाडी' उभी राहिली. कडेवरच्या पोराचा प्रश्न येथे सुटला. याच काळात पन्नाशी गाठलेल्या अनुताईंनी डोळ्यांच्या दुखण्याला तोंड देत बी. ए. ची पदवी मिळवली (१९६१).

अभ्यासकाने येथे एक अवघड प्रश्न टाळू नये. ज्या १९४५ साली बोर्डीत बालवाडी निघाली, त्याच साली त्याच मुलखात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित करीत होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये तो इतिहास आहे. जमीनदाराच्या बांधावर जेथे माणूस वेठीला जुंपला जात होता, तेथे त्याच्या मुलाची नखे कापणे हा मूळ दुखणे सोडून केलेला उपचार नव्हे काय? आक्षेप हलका नाही. वेठ मोडली ती संघर्षाने. चिंचोके मोजून ती मोडली नसती. ताराबाई-अनुताईंच्या कार्याची ही मर्यादा मान्यच केली पाहिजे. मात्र मोकळ्या झालेल्या बापाची मुलगी दिवसभर धाकट्याला कडेवर घेऊनच फिरत राहिली, तर तिच्यापुरती वेठ कुठे संपली? पुरुषाच्या मजुरीचा हिशेब मांडणाऱ्या चळवळींच्या नजरेतून हे श्रम बहुधा सुटतात. विकासवाडीची रचनाच त्यांना केंद्रस्थानी धरून झाली होती. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वर्गातून आलेल्या या तिघी एकाच मुलखात दोन दारांनी शिरल्या. एका दाराचे मोल सांगण्यासाठी दुसरे बंद करण्याचे कारण नाही.

आता पुन्हा कृतार्थतेकडे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना जाणवते ते हे, की त्यात स्वतःपेक्षा कामच अधिक बोलते. अडचण आली, अमुक करून पाहिले, फसले, मग तमुक केले, अशी ही कारागिराची दृष्टी आहे. 'माझी कहाणी'च्या परंपरेतील विधवेचे आत्मकथन समाजासमोर स्वतःचे जगणे न्याय्य ठरवण्याच्या ओझ्याखाली असते. अनुताईंवर ते ओझे उरलेले दिसत नाही. समाजाने विधवेला सेवेचे काम नेमून दिले होते. त्यांनी ते घेतले आणि त्याचा हेतूच बदलून स्वतःचा केला. त्यांना मूल नव्हते म्हणून त्यांनी पाड्यावरची मुले आपली मानली, हे स्पष्टीकरण भावुक आहे आणि अपुरेही. ताराबाईंना तर स्वतःची मुलगी होती. दोघींना बांधणारे सूत्र अपत्यहीनतेत शोधण्यापेक्षा एका प्रश्नाच्या ध्यासात शोधावे. म्हणूनच १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर काम थांबले नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावरही अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासमवेत १९८२ मध्ये ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, ही नोंद येथे पुरेशी आहे.

या इतिहासाचा अखेरचा टप्पा शब्दांचाच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले 'अंगणवाडी'. बोर्डीच्या वस्तीतला मराठी शब्द देशभर गेला. आज अशी सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. शब्द गेला, पण त्याच्याबरोबर जुना करारही गेला. अंगणवाडी चालवणाऱ्या स्त्रिया 'मानसेवी' ठरल्या आणि त्यांना मिळू लागले ते 'मानधन'. वेतन म्हटले की नोकरी आली, हक्क आले; मानधन म्हटले की सेवा आली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य करताना, मानधन या नावाने दिली जाणारी रक्कम त्या कायद्यापुरती वेतनच होय, असे म्हटले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द यायला ४७ वर्षे लागली, आणि तोही एका कायद्यापुरता.

म्हणून 'त्याग', 'सेवा', 'वात्सल्य' हे शब्द वापरताना साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि आपण शिक्षकांनी जरा सावध राहावे. गौरवाच्या भाषेची किंमत पुढे कोणाला तरी रोख मोजावी लागते. ताराबाई आणि अनुताई कृतार्थ झाल्या, यात शंका नाही. त्यांनी घडवलेल्या शब्दाखाली आज काम करणाऱ्या स्त्रीला समाधान मिळतच असेल. ते समाधान तिच्या पगारातून कापून घेण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.