तेरणेच्या गाळातली तरंगती वीट

वीट पाण्यात टाकली की बुडते, हे लहान पोरही सांगेल. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या जुन्या विटा मात्र तरंगतात. त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही तिथली देवळे विटांचीच. पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथातले तगर म्हणजे हेच तेर, असे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि जुन्नर, देवगिरी, धारूर हे दावेदार मागे पडले. तो वाद मिटला. विटेच्या कुळाचा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो.

तरंगत्या विटांची नोंद व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात केली आहे. आशिया मायनरमधले पिताने आणि स्पेनमधली दोन गावे त्याने सांगितली. इकडे तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. मग परतीच्या गलबतातून ही विद्याही आली असेल का? हा मोह आवरायलाच हवा. व्हिट्रुव्हियसच्याच म्हणण्याप्रमाणे त्या विटांची माती झाव्याच्या दगडासारखी होती, म्हणजे हलकेपण मुळात मातीतच होते. तेरच्या तेरणा नदीकाठी आहे तो काळा पाषाण आणि त्याच्या झिजेतून आलेली जड, चिकट माती.

हलकेपणाचा दुसरा दावेदार ज्वालामुखीची राख. कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हाकाठी मोरगावला नदीच्या गाळात राखेचे थर सापडले आहेत. पण तेरच्या विटेची तुटलेली कड निरखून पाहा. तिथे दिसतात तुसाचे ठसे: दोन्ही टोकांना निमुळत्या, दाण्याएवढ्या पोकळ्या. तूस भट्टीत जळून गेले आणि त्याची जागा हवेने घेतली. मातीच्या भाजलेल्या कणांची घनता पाण्याच्या साधारण अडीचपट असते. म्हणजे वीट तरंगायची तर तिच्यात ६० टक्क्यांच्या आसपास पोकळी हवी. मूठभर तुसाने हे साधत नाही.

मग एवढे तूस घालायची बुद्धी कशी झाली? माझ्या मते ती नदीने दिली. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो, तिथली दरड कापली जाते. आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वाळू साठते. पूर काठाबाहेर पसरला की जड कण काठाजवळच पडतात, बारीक पोयटा दूरवर जाऊन बसतो. काळ्या पाषाणातून आलेली ही बारीक माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. तिची वीट थापली तर उन्हात तडकणार. तडे थांबवायला तूस मिसळायचे, ही दख्खनची जुनी रीत. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचे तूस आहे.

यावर खरा आक्षेप असा की, तडे थांबवायला थोडे तूस पुरते, तरंगण्याइतके कशाला? माझे उत्तर छताकडे बोट दाखवते. त्रिविक्रमाचा मागचा भाग गजपृष्ठाकार आहे, वरची कमानदार पाठही विटांचीच. तो भार भिंतींवर आणि भिंतींखालच्या फुगणाऱ्या जमिनीवर येतो. गवंड्याने हलकी वीट हातात तोलली असेल आणि पुढच्या घाण्यात तूस वाढवायला सांगितले असेल. ज्वारीच्या मुलखात भाताचे तूस आले ते वळणाच्या सखल, ओल धरणाऱ्या मळईतून, असा माझा कयास आहे. माती आणि तूस दोन्ही त्याच वळणाने दिले.

पुढची पिढी तेलंगणात दिसते. पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या शिखरात तरंगत्या विटा आहेत. ते मंदिर १२१३ सालचे, तेरच्या देवळांहून कित्येक शतकांनी अलीकडचे. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि पालमपेट त्याच गोदावरीच्या खोऱ्यात. तेरला तडे टाळता टाळता सापडलेली युक्ती रामप्पाला शिखर हलके करण्यासाठी ठरवून वापरली गेली, असे मी मानतो.

कुंभार संत गोरोबाकाकांच्या या गावात चिखल तुडवण्याची विद्या भक्तीइतकीच जुनी आहे. तेरणेच्या काठावरचा पोयटा आणि विटेचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून कण तपासावेत. दोन्हींची माती एक निघाली, तर या विटेचे माहेर रोममध्ये शोधण्याचे कारण उरणार नाही.