गृहशिक्षण आणि तर्कबुद्धीचे संस्कार : पंडिता रमाबाईंच्या अध्ययनकाळाच्या संदर्भात साहित्यनिवडीचा विचार

बीजसंज्ञा : गृहशिक्षण, तर्कसंग्रह, पंडिता रमाबाई, शारदा सदन, साधनचिकित्सा

प्रस्तावना :
दौंड तालुक्यातील कासुर्डी हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. तेथील एका पालकाने आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घरीच शिकविण्याचा निर्णय घेतल्यावर प्रस्तुत लेखकास विचारले की, तिला ‘विचार कसा करावा’ हे शिकविणारे कोणते पुस्तक द्यावे? इंग्रजीतील कोडी व आकृत्यांची पुस्तके त्यांनी आधीच आणलेली होती. मुलगी ती भराभर सोडवीत असे. परंतु वर्तमानपत्रातील कोणतेही विधान मात्र प्रमाण मानीत असे. हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा आहे. तथापि याच तालुक्यातील केडगाव येथे ज्यांनी ‘मुक्ती’ची वसाहत उभारली, त्या पंडिता रमाबाई स्वतः शाळेत न जाता घरी शिकलेल्या होत्या, हे ध्यानात घेतल्यास त्याला इतिहासाचीही बाजू आहे असे दिसते.

रमाबाईंचे घरगुती अध्ययन :
रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. अनंतशास्त्री वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंचे शिक्षण आईकडे आले. वयाच्या सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ते चालले, म्हणजे आजच्या उच्च प्राथमिक इयत्तांचा काळ त्यात पूर्णपणे येतो. कुटुंब तीर्थयात्रेत सतत फिरत असे. व्याकरण, कोश व पुराणे यांचे पाठांतर हाच अध्ययनाचा गाभा होता. पुढे इतरांच्या फारशा साहाय्यावाचून आपण शिकू शकलो, याचे श्रेय रमाबाईंनी आईच्या या शिकवणीस दिले आहे.

पाठांतर आणि चिकित्सा परस्परविरोधी आहेत, असे आपण शिक्षकवर्गात सहज बोलून जातो. रमाबाईंच्या बाबतीत हे विधान टिकत नाही. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले आणि 1878 मध्ये त्या बंधू श्रीनिवास यांच्यासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांना धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावे लागले. हे ग्रंथ बहुतेक बाबतींत परस्परांशी विसंगत आहेत, मात्र स्त्रिया व शूद्र यांना हीन लेखण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. ही तुलना करता आली, कारण मूळ वचने वाचण्याइतके भाषेचे बळ त्यांच्यापाशी होते. मध्यस्थाची गरज नव्हती. अर्थात हे निवेदन ज्या आत्मकथनात येते, ते 1907 मधील, म्हणजे धर्मांतरानंतर सुमारे चोवीस वर्षांनी लिहिलेले आहे. उत्तरकालीन श्रद्धेची छाया पूर्वस्मृतीवर पडली असण्याचा संभव अभ्यासकाने गृहीत धरला पाहिजे.

नियमांचे पुस्तक आणि वादाचे साधन :
आपल्या परंपरेत तर्काचे बालबोध पुस्तक नव्हते असे नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ नवशिक्यांसाठीच रचलेला आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती 1897 मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. त्यातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन हे अनुमानाचे पाच अवयव आमच्या भागातील मुलास समजावयास कठीण नाहीत. पर्वतावरील धुराऐवजी गुऱ्हाळाच्या धुराड्यातील धूर घ्यावा. धूर दिसला म्हणून चुलाण पेटले आहे, हे अनुमान योग्य. परंतु विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अयोग्य, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात धुरावाचून अग्नी असतो. हाच सव्यभिचार हेत्वाभास. इतके मुलास एका दुपारी उमगते. तथापि येथेच थांबल्यास तर्क हा कोड्यांचाच एक प्रकार ठरतो. धुराविषयी कोणाचा हितसंबंध नसतो, म्हणून तेथे चूक कबूल करणे सोपे जाते.

यास्तव, ज्यावर माणसे खरोखर भांडली असे साधन मुलापुढे ठेवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रमाबाईंच्या चरित्रातच ते उपलब्ध आहे. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रचार होतो, असा आरोप झाला, ‘केसरी’ने कठोर टीका केली, 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. रमाबाईंची बाजू अशी की, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. येथे वस्तुस्थितीविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो अनुमानाविषयी. दार उघडे असणे हा प्रचाराचा हेतू ठरतो काय? आश्रित मुलीचे ‘स्वेच्छेने’ येणे कितपत स्वेच्छेचे? दार बंद ठेवावे असे म्हणणारे स्वतःच्या घरातील पूजेला तोच नियम लावतील काय?

या निवडीत धोकाही आहे. पालकाचा पक्ष आधीच ठरलेला असेल, तर दोन बाजूंपैकी एक दुबळी करून मांडली जाईल. शाळेत निदान दुसरा शिक्षक असतो. घरात तो नसतो. म्हणून गृहशिक्षणात सारांश देऊ नयेत, दोन्ही बाजूंचे मूळ उतारेच द्यावेत, आणि पालकाने आपले मत मुलाच्या लेखनानंतर सांगावे. गृहशिक्षणातील मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची आठवीच्या समकक्ष परीक्षा देता येत असली, तरी ही सवय त्या परीक्षेच्या तयारीतून आपोआप लागेल असे मानता येत नाही.

कासुर्डीच्या त्या मुलीला शारदा सदनाच्या वादातील दोन्ही बाजूंचे उतारे दिले होते. आठ दिवसांनी तिने वहीत निर्णय लिहिला नाही, एक प्रश्न लिहिला : प्रार्थनेच्या वेळी ज्या मुली खोलीत जात नसत, त्या कोठे बसत? सदनाच्या इतिहासाचे माझे वाचन बऱ्याच वर्षांचे आहे. त्या मुलींचा शोध घ्यावा असे मला तोवर सुचले नव्हते.