इंद्रवेल्लीचा सोमवार आणि बाहेरचा साक्षीदार

आदिलाबादहून उटनूरकडे जाताना इंद्रवेल्ली लागते. आठवडी बाजार सोमवारचा. २० एप्रिल १९८१ हा दिवसही सोमवारच होता.

गिरिजन रयतु कुली संघमने त्या दिवशी सभा बोलावली होती. मागणी जुनीच: कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्या, बाहेरच्यांच्या हाती गेलेल्या जमिनी परत करा. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, असा नियम १९५९ चा. १९७० मध्ये तो आणखी कडक केला. पण कागदावर! सभेला ऐनवेळी बंदी आली, आणि ती बातमी कित्येक गुड्यांपर्यंत पोचलीच नाही. लोक चालत आले. कुणी सभेला, कुणी मीठमिरचीला. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. नागरी हक्कवाल्यांचा आणि स्थानिकांचा साठ किंवा त्याहून जास्त.

आदिलाबादच्या गोंडांचा इतिहास म्हटलं की आपल्याला आठवतात ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या तक्रारी समजून घेण्याचं काम या व्हिएन्नाच्या अभ्यासकाकडे दिलं. महायुद्ध चालू, पासपोर्ट जर्मन, त्यामुळे ते हैदराबाद संस्थानात अडकूनच पडले होते. त्यांनी मारलवाईला मुक्काम केला, गोंड शिक्षक तयार केले. गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. इथल्या गोंडांना मराठी जवळची होती, हे विसरू नये. सत्तरच्या दशकात ते परत आले, तेव्हा मिळालेल्या जमिनी पुन्हा हातच्या जाताना त्यांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईलाच आहे.

त्यांचं ऋण मोठं आहे, यात वाद नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. बाहेरून आलेल्या माणसाच्या वहीत उतरलं तरच ती घटना इतिहास, अशी आपली सवय झाली आहे. इंद्रवेल्लीला त्या सोमवारी अशी वही नव्हती. लोकांजवळ उरला तो स्तूप. १९८३ मध्ये उभारला, १९८६ मध्ये पाडला गेला, पुढे पुन्हा उभा राहिला. तरी कित्येक वर्षं २० एप्रिलला जमावबंदी असायची. आपल्या माणसांना नमस्कार करायलाही परवानगी लागायची.

१३ की साठ, हे स्तूप सांगू शकत नाही. बाजाराला आलेली माणसं सांगू शकतात. त्या दिवशी विशीत असलेला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. गोंडी, मराठी, तेलुगू, ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत त्यांच्या आठवणी टिपल्या पाहिजेत. आधी एवढंच विचारावं: बाबा, तुम्ही कुठल्या गुड्यातून निघालात, आणि संगती कोण होतं? नावांची यादी तिथूनच सुरू होईल.