लोणारचे गुलाबी पाणी

जून २०२० मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक नाना तर्क करू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा उलगडा झाला. पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि मिठातच वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव फार माजले होते. तो रंग त्यांचाच!

अशा शोधाची वाट मुलींना पूर्वी बंद होती. १९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनी इतर मुलींनाही दार उघडले. पुढे १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रात कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

दह्याचे विरजणही सूक्ष्म जीवांचेच काम. दूध का विरजते, असे लेकीने विचारले तर तिला गप्प बसवू नका. तिला विज्ञान शिकवा. आसेगावाहून लोणार काही फार दूर नाही.