शीर्षक, प्रस्तावना आणि एक हरवलेला दावा : राजवाडे आणि कोसंबी यांच्याकडून काय शिकावे?

१/ माझ्या लघुप्रबंधाचे शीर्षक मार्गदर्शकांनी तिसऱ्यांदा परत केले. 'उत्तर कोकणातील समाजजीवन : एक अभ्यास'. बाजूला पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते : कोणाचे? केव्हाचे? कशावरून? भाईंदर ते चर्चगेट या प्रवासात मी त्या शब्दांवर मनातल्या मनात बराच रागावलो. मग ज्यांनी आपल्याआधी शीर्षके आणि प्रस्तावना लिहिल्या, त्यांच्याकडे वळलो. मित्रहो, हा धागा त्यातूनच निघाला.

२/ आरंभ आमच्याच परिसरापासून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली 'महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर' प्रसिद्ध केली. यातला 'ऊर्फ' सहज वाचून पुढे जाऊ नका. उत्तर कोकणात माहीम एकच नाही. एक मुंबईतले, दुसरे पालघरजवळचे केळवे-माहीम. जुने नाव आणि चालू नाव एकत्र ठेवताच संपादकाने एक विधान केलेले असते, आणि ते तपासण्याचा अधिकार वाचकाला मिळालेला असतो. माझ्या शीर्षकात तपासण्यासारखे काहीच नव्हते. ते चूक ठरणेही शक्य नव्हते, हाच त्याचा दोष.

३/ राजवाड्यांची खरी ख्याती मात्र प्रस्तावनांची. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. पुढे खंड बावीस झाले. पत्रे छापायची तर चार ओळींचे निवेदन पुरले असते. पण पहिल्याच खंडाला राजवाड्यांनी विस्तीर्ण प्रस्तावना जोडली. मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ, असे मानण्याचा तो काळ. डफचा ग्रंथ १८२६ सालचा. त्यात आणि बखरींत कोठे काय चुकले आहे, ते समकालीन पत्रांच्या आधाराने दाखवणे हा राजवाड्यांचा पवित्रा होता.

४/ आता थोडे आजच्या काळात येऊ. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० साली शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची एक रचना मांडली. लेखक प्रथम विषयाचे क्षेत्र आखतो, मग त्यातली रिकामी जागा दाखवतो, आणि शेवटी त्या जागेत आपले काम ठेवतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आज हीच रचना शिकवतात. राजवाड्यांची प्रस्तावना या चौकटीत ठेवून पाहा. क्षेत्र म्हणजे डफ आणि बखरी, रिकामी जागा म्हणजे अस्सल पत्रांचा अभाव, आणि त्यांचे काम म्हणजे हाती असलेला खंड. फरक एवढाच की राजवाडे वाटेत दहा ठिकाणी थांबतात, भांडतात, टोमणे मारतात. आजचा संपादक त्यातला बहुतेक मजकूर कापील. मला तो कापलेला आवडणार नाही; परंतु आपण राजवाडे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

५/ शीर्षकांचा विषय निघाला की मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. जन्म गोव्यात, १९०७ साली. गणिती, नाण्यांचे अभ्यासक, इतिहासकार. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारे. एकाच माणसाच्या लेखणीतून उत्तम, खोडकर आणि घातक, अशी तिन्ही प्रकारची शीर्षके निघाली आहेत.

६/ खोडकर आधी. १९३१ साली त्यांनी एक छोटा लेख छापला : 'ऑन अ जनरलायझेशन ऑफ द सेकंड थिअरम ऑफ बूरबाकी'. हा बूरबाकी अस्तित्वातच नव्हता! आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या सुचवण्यावरून केलेली ती थट्टा होती. शीर्षकातला 'सेकंड' पाहा. दुसरा सिद्धांत आहे म्हटल्यावर पहिला कोणता, हे विचारण्याची वाचकाला लाज वाटते. पुढे १९३० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने बूरबाकी हेच नाव घेतले आणि ते जगप्रसिद्ध केले.

७/ उत्तम शीर्षक १९४० च्या दशकातले : 'द एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज'. लेख अवघा चार पानांचा. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढायचे, आणि ते कशावरून काढायचे, दोन्ही शीर्षकातच सांगितले आहे. अलंकार एकही नाही. त्यातले सूत्र 'कोसंबी फंक्शन' म्हणून आजही जनुकीय नकाशे करताना वापरतात. इतिहासाचे नावही न घेणाऱ्या कितीतरी संशोधकांना कोसंबी ठाऊक आहेत ते या चार पानांमुळे.

८/ आणि घातक. १९५९ साली त्यांचा एक लेख आला : 'ॲन ॲप्लिकेशन ऑफ स्टोकॅस्टिक कन्व्हर्जन्स'. 'एक उपयोजन'! कशाचे? तर त्यात रीमान गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा होता. गणितातल्या सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्नांपैकी हा एक. आजही तो सुटलेला नाही. दावा एवढा मोठा, शीर्षकात त्याची चाहूल नाही, आणि लेख छापला तो कृषी-संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात. अंकगणितीय सिद्धांताचे जाणकार ते नियतकालिक कशाला चाळतील? सिद्धता मान्य झाली नाही आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचे काम संपले. त्यामागे इतरही कारणे होती, सारा भार एका शीर्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. पण योग्य परीक्षकांपर्यंत लेख छापण्यापूर्वीच पोहोचला असता तर चूक खासगीत कळली असती, असे मला वाटते.

९/ त्याआधी तीनच वर्षे, १९५६ साली, त्यांचा इतिहासग्रंथ आला होता. 'भारताचा इतिहास' हे नाव त्यांना सहज देता आले असते. त्यांनी दिले 'ॲन इन्ट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी'. इतिहासाच्या अभ्यासाची ओळख. इथे राजांची जंत्री मिळणार नाही, पद्धत मिळेल, हे मुखपृष्ठावरच सांगून टाकले. पुस्तक हाती घेणाऱ्याची फसवणूक होत नाही.

१०/ माझे चौथे शीर्षक असे : 'महिकावतीच्या बखरीतील ग्रामनामे आणि उत्तर कोकणातील वसाहतींचा क्रम'. कशावरून, याचे उत्तर त्यात आहे. केव्हाचे, याचे अजून नाही. कारण बखरीची प्रकरणे वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली. तेव्हा प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद त्यावरच खर्च करावा लागणार. सोमवारी मार्गदर्शकांना दाखवायचा आहे.