डबेवाल्यांचं पेट्रोल बिल

डबेवाल्यांवर आतापर्यंत इतकं लिहून झालंय की ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द दिसला की लोक पुढे सरकतात. काळजी नको, या लेखात सिक्स सिग्मा नाही. मला त्यांचा एक वेगळाच आकडा बघायचाय: इंधनाचं बिल. डिलिव्हरीचा धंदा, रोजचे मैलोन्मैल, आणि तरी सव्वाशे वर्षं हे बिल जवळपास शून्यावर राहिलं. कसं?

थोडं मागे जाऊ. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात माल फुकटात ओढणारं पहिलं इंजिन म्हणजे खाडी. कल्याण हे जुनं बंदर. भरतीबरोबर होडी आत, ओहोटीबरोबर बाहेर. इंधनाचा खर्च नाही, फक्त समुद्राचं वेळापत्रक पाळायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि वेळापत्रक समुद्राकडून रेल्वेकडे गेलं. रुळावरच्या लोखंडी चाकाला रस्त्यावरच्या टायरपेक्षा कितीतरी पट कमी रोध होतो, त्यामुळे तेवढंच वजन तेवढंच लांब न्यायला ऊर्जाही फार कमी लागते.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली, तेव्हा गाड्या कोळशावर होत्या. १९२५ मध्ये मुंबईत विजेची लोकल आली. पुढे कल्याणच्या पलीकडचे घाटही विजेवर आले, आणि त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचं वीजघर उभारलं. या सगळ्यात डबेवाल्याच्या खिशातून काय गेलं? पासाचे पैसे. इंजिन बदललं, इंधन बदललं, त्याचं गणित तेच.

रस्त्यावरच्या वाहनांचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं, तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाचा गॅस करणाऱ्या भट्ट्या बसल्या. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चं तेल जवळजवळ चौपट महागलं. १९९५ मध्ये महानगर गॅसची स्थापना झाली आणि पुढे टॅक्सी-रिक्षा, मग छोटे टेंपो सीएनजीवर आले. सगळ्यांना वाटलं, सुटलो! १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि मुंबई-ठाण्यात भाव किलोला ६० रुपये झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला तोच भाव ८६ होता. चार महिने!

म्हणजे बघा, स्वस्त इंधनाची बचत आपल्या हातात नसते. युक्रेनमध्ये युद्ध होतं आणि डोंबिवलीतल्या टेंपोवाल्याचा हिशोब कोलमडतो. महिन्याचं बिल म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: एकूण किलोमीटर, किलोमीटरमागे लागणारं इंधन आणि इंधनाचा भाव. तिसरा आकडा जगाच्या हातात, दुसरा बराचसा गाडी बनवणाऱ्याच्या. पहिला मात्र पूर्ण आपला. गंमत म्हणजे सगळी चर्चा चालते ती तिसऱ्यावर.

माझ्या एका मित्राचा डोंबिवलीत फरसाणाचा धंदा आहे. तीन छोटे टेंपो. त्याचा प्रश्न होता, सीएनजी ठेवू की इलेक्ट्रिक घेऊ? इलेक्ट्रिक किलोमीटरमागे स्वस्त पडतं, हे खरंच. पण त्याचे तिन्ही टेंपो अर्धे रिकामे, रोज ठाण्यापर्यंत जातात. समजा प्रत्येकी ७० किलोमीटर, म्हणजे २१०. एकच भरून ठाण्याला पाठवला आणि उरलेले दोन डोंबिवली आणि कल्याणात ३५-३५ फिरले, तर १४०. एक तृतीयांश बिल गायब, नवीन गाडी न घेता! २०२४ मध्ये माणकोली-मोठागाव पूल सुरू झाल्यावर कल्याण किंवा शिळफाट्याचा वळसा टळला, तीही बचत याच खात्यातली.

मग तो असं करत का नाही? कारण दुकानं ड्रायव्हरांनी जमवलेली आहेत. ज्याची ओळख, त्याचं गिऱ्हाईक, त्याचं कमिशन. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या टेंपोत टाकायचं म्हणजे आपल्या पोटावर पाय.

आणि इथे डबेवाल्यांची खरी युक्ती कळते. डबा गोळा करणारा एक, स्टेशनवर झाकणावरची खूण बघून तो वेगळा काढणारा दुसरा, ऑफिसात पोचवणारा तिसरा. ठाण्याचा डबा ठाण्याच्या माणसानेच चर्चगेटला न्यायचा असा हट्ट नाही. म्हणून लांबचा पल्ला लोकल एका फेरीत उरकते आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर सायकल नाहीतर हातगाडी. पण डबा दुसऱ्याच्या हातात द्यायला मन तयार कशामुळे होतं? टोळीची कमाई एकत्र जमते आणि खर्च वजा जाता टोळीत सारखी वाटली जाते. तो नोकर नाही, भागीदार आहे. डबा दिला म्हणून त्याचा पैसा कमी होत नाही.

थोडक्यात काय, त्यांचं इंधन वाचवलं ते जितकं रुळांनी, तितकंच वाटणीच्या नियमाने.

या पद्धतीलाही मर्यादा आहेतच. मार्च २०२० मध्ये लोकल आणि ऑफिसं एकदम बंद झाली आणि धंदा जागच्या जागी थांबला. ऑफिसं घरात आल्यावर बरेच डबेवाले परतलेच नाहीत. दुसऱ्याच्या रुळांवर उभा असलेला धंदा रूळ थांबले की थांबतो.

मित्राला मी एवढंच सांगितलं, आधी कमिशनचा नियम बदल. तिघांचं कमिशन एकत्र कर, सारखं वाट, मग रूट आख. इलेक्ट्रिक टेंपो त्यानंतर घे. तो म्हणाला, ड्रायव्हरांशी बोलण्यापेक्षा कर्ज काढणं सोपं आहे. खरं आहे त्याचं. पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो, ड्रायव्हरांशी बोलणं एकदाच.